सहदेव उठला होता का?

डोंबिवली पूर्व,
रथसप्तमीच्या आदल्या दिवशी

तीर्थस्वरूप महिपतदादास,

गुडघे वाकत नाहीत म्हणून साष्टांग नमस्कार कागदावरच घालतो, तो पोचला असं समज. तुझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं आणि आता खोपटच्या डेपोतल्या गाड्यांच्या पाट्या तुला गॅलरीतून वाचता येतात, हे वहिनींकडून कळलं. फार बरं वाटलं. (उजव्याचं लांबवू नकोस. तुझ्या डोळ्यांची मला गरज आहे, का ते पुढे येईल.) वहिनींच्या कंबरेला उतार आहे ना? इकडे तुझी भावजय सगुणा ठणठणीत आहे. मी ठणठणीत नाही, पण तिच्यासमोर तसं म्हणायची सोय नाही.

फोन असताना पत्र का, असं तू विचारशील. तर दादा, ऐंशी वर्षांत तू फोनवर कुणाचं शेवटचं वाक्य ऐकून घेतलेलं नाहीस. समोरचा मुद्द्यावर यायला लागला की तुझं "बरं, ठेवतो" येतं. टीव्हीवरसुद्धा शेवट जवळ आला की तू चॅनल बदलतोस, ही वहिनींची चाळीस वर्षांची तक्रार आहे. पत्राचं तसं नाही. ते मध्येच ठेवलंस तरी टेबलावर पडून राहील आणि तुझ्याकडे बघत बसेल.

तुला ठाऊक आहेच की वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यापासून मला काही ना काही मोजायला लागतं. आमच्या सोसायटीतले उत्तमराव (दोन माणसं कोपऱ्यावर बोलत उभी दिसली तरी त्यांचं मंडळ स्थापन करणारे) आणि मी, आम्ही मिळून 'अल्पभूमिका स्मरण मंडळ' काढलं. नायक-नायिकांच्या जयंत्या करायला सगळं जग मोकळं आहे. पण जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमात बॅग घेऊन येणारा डॉक्टर, "मालक, घात झाला" म्हणत धावत येणारा गडी, दूरदर्शनच्या नाटिकेतला भाडं मागणारा घरमालक, गणपतीच्या मांडवात पाहुण्यांची गाडी उशिरा येणार म्हणून तासभर कोंबड्या-कुत्र्यांचे आवाज काढून लोकांना धरून ठेवणारा नकलाकार, यांना कोण विचारतो? चेहरे सगळ्यांना पाठ आणि नाव एकालाही ठाऊक नाही. आम्ही महिन्याला असा एकेक धरतो. फोटो मिळवतो, हार घालतो, दोन मिनिटं उभे राहतो आणि मग तासभर आठवणी. ज्याची पडद्यावरची उभ्या जन्माची हजेरी मोजली तर पंधरा मिनिटं भरत नाही, त्याच्यावर तासभर बोलणं सोपं नसतं. पण होतं. (बटाटेवड्यांचाही त्यात हात आहे.) तू हसशील, पण मला म्हातारपणी हे काम मनापासून पटतं. आपण तरी दादा कोण होतो? कुणाकुणाच्या गोष्टीत बॅग घेऊन आलो, मान हलवली आणि गेलो.

या संक्रांतीला सहदेवची पाळी होती. आठवला का? नायकाचा बाप. दुसऱ्या रिळात मरणारा. पस्तिशीत असताना त्यानं चाळिशीच्या नायकांचे बाप केले आणि ते सगळे वारले. खोकून वारले, बैलगाडीखाली वारले, सावकाराच्या ओसरीवर छातीला हात लावून वारले. त्याच्या खोकल्याला तीन पायऱ्या होत्या. पहिल्या खोकल्याला घरातली बाई पाणी आणायला धावायची, दुसऱ्याला मुलगा शहरातून यायचा आणि तिसऱ्याला थिएटरातल्या बायका पदर शोधायच्या. मी वहीत नोंद ठेवली आहे, एकूण सत्तेचाळीस मृत्यू. एका मालिकेत तर तो पहिल्याच भागात गेला आणि पुढचे बारा भाग भिंतीवर हार घालून टांगलेला राहिला. आमच्या कार्यक्रमाला मिळालेला फोटो तोच होता. आता दादा, ज्याला आपण सत्तेचाळीस वेळा मरताना पाहिलं तो जिवंत आहे का, हे कोण चौकशी करत बसतं? अडचण फक्त पुण्यतिथीची होती, कारण तो नेमका कधी गेला हे कुणाला माहीत नव्हतं. उत्तमरावांनी तोडगा काढला. एका सिनेमात तो हातात तिळगूळ घेऊन मेला होता, म्हणून संक्रांत धरली. मला ते तर्कशुद्ध वाटलं, हे मी आता मान खाली घालून लिहितो.

सभा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होती. उत्तमरावांनी निमंत्रण मोबाइलवर पाठवलं आणि ते फिरत फिरत टिटवाळ्याला अंतरा नावाच्या एका मुलीकडे गेलं. तिनं ते आपल्या आजोबांना वाचून दाखवलं. (सख्खे नव्हेत, आजोबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, पुतण्याकडे राहतात.) आजोबा म्हणाले, जाऊन येऊ. अशा रीतीनं स्वच्छ धोतर आणि काळी टोपी घातलेले एकोणनव्वद वर्षांचे एक गृहस्थ शेवटच्या रांगेत येऊन बसले. मीच त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. दोन मिनिटं शांतता पाळायला सगळे उठले तेव्हा तेही काठी टेकून उठले, आणि सर्वात ताठ तेच उभे होते. नंतर मी माझं भाषण केलं. कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, असं विचारल्यावर ते हळूहळू पुढे आले आणि म्हणाले, "मी सहदेव." उत्तमराव म्हणाले, "वा, नावही तेच! बोला आजोबा, तुम्ही त्यांना पाहिलं होतंत का?"

म्हाताऱ्यानं हातातली काठी टेबलाला टेकवली. मग फोटोकडे पाठ करून उभा राहिला आणि खोकला. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी. दादा, तिसरीला हॉलमधल्या तीन बायकांचे हात आपोआप पदराकडे गेले. उत्तमराव हार काढायला स्टुलावर चढले तर त्यांना खाली बोलावून सहदेव म्हणाले, "राहू द्या हो. घरी माझे असे नऊ फोटो आहेत हारासकट. शूटिंग संपलं की मीच मागून घ्यायचो." आणि सगळे हसले, मीसुद्धा हसलो, आणि हसता हसता मला माझ्या वहीची लाज वाटली.

एवढ्यावर निभावलं असतं तर मी तुला पत्र लिहिलं नसतं. पण माझ्या भाषणात मी छाती ठोकून सांगितलं होतं की सहदेवचा सर्वोत्तम मृत्यू मी कल्याणला मॅटिनीला पाहिला. तो विहिरीचा सिनेमा, ज्यात तो मुलासाठी विहीर खणतो, पाणी लागतं आणि तो अंथरुणाला खिळतो. डॉक्टर नाडी बघतो, मान हलवतो, कंदील विझतो. संपलं. वा, काय संयम, असं मी म्हणालो होतो. तेवढं एक वाक्य धरून ते म्हणाले, "साहेब, त्यात मी मेलो नाय. त्या एकाच सिनेमात मी उठलेलो."

मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. त्यांची आई गोदूबाई त्यांचे सिनेमे कधी बघत नसे. पोटचं पोर मरताना बघायला मी पैसं द्यायचं, असं म्हणायची. या सिनेमात मात्र शेवटी पहाटे म्हातारा स्वतः उठतो, काठी न घेता विहिरीवर जातो आणि पोहरा ओढून मुलाला पाणी देतो, असा प्रसंग होता. सहदेवनं आईला सांगितलं, हा बघ, यात मी उठतो. कल्याणला रविवारी एकच खेळ लागला तेव्हा तो स्वतः नाटकाच्या दौऱ्यावर होता. म्हातारी शेजारणीला घेऊन टिटवाळ्याहून कल्याणला गेली. तो परत आला तेव्हा तिनं दारातच विचारलं, "तू तं बोललेलास उठनार म्हनून. कवा उठलास?" त्याला वाटलं, दिग्दर्शकानं प्रसंग कापला. लहान नट, कोणाला विचारणार? ज्यानं सिनेमा काढला तो कर्जात बुडाला, प्रत कुठे राहिली नाही. आई पुढे सहा वर्षं होती. रागावली नाही, पण त्याचं कुठलं काम बघायला पुन्हा गेली नाही. "आता एकदा खरंखरं मरायचंय," सहदेव म्हणाले, "त्याच्याआधी एवढं कळलं पाहिजे. मला कापलेलं, की मी उठलेलो?"

माझ्या हातातला वडा हातातच राहिला. कारण दादा, त्या थिएटरचा ऑपरेटर तू होतास. आणि तू काय करायचास हे आपल्या अख्ख्या घराला माहीत आहे. खोपटची बस गाठायची असली की शेवटचं रीळ पेटीतच झोपवायचं, पडद्यावर 'आभारी आहोत'ची स्लाइड लावायची आणि दिवे पेटवायचे. ज्या सिनेमात शेवटी नुसतं लग्न लागायचं तिथे कोणाच्या लक्षातही येत नसे. लोक म्हणायचे, आटोपशीर आहे. पण इथे पेटीच्या आत माणूस राहिलं रे. त्या पेटीत एक बाप पहाटे उठत होता आणि इकडे त्याची आई पदराला डोळे पुसत थिएटरबाहेर पडली. तू असं का केलंस, त्यात मी शिरत नाही. तुझी बस असेल. तुला दोष देण्यासाठीही हे लिहिलेलं नाही, (थोडासा दिला आहे, तो थोरल्या मनानं घे), नुसतं मनात राहू नये म्हणून कळवलं. हॉलमध्ये मात्र मी तोंडातून ब्र काढला नाही. टाळ्या वाजवल्या आणि सहदेवना रिक्षात बसवून दिलं.

वहिनींना नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा.

तुझा धाकटा,
हरिहर

ता. क. १ : नुसतं कळवायला लिहिलं, हे खोटं आहे. पुढच्या रविवारी सहदेव पुन्हा येणार आहेत, हार न घालता. तू ये. मी स्वतः रिक्षा घेऊन खोपटला न्यायला येतो. पेटी आली की आदल्या दिवशी सगळी रिळं हातानं फिरवून, दिव्यासमोर धरून तपासायची तुझी शिस्त होती. फाटलेली प्रत तू कधी लावली नाहीस, हेही खरं आहे. म्हणजे लोकांनी नाही पाहिलं तरी ते रीळ तू पाहिलं असणार. विहिरीवर कोणी उभं होतं का, एवढंच आठव.

ता. क. २ : आठवलं नाही तर तसं सांग. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून 'हो, उठला होतात' असं नुसतं म्हणू नकोस. सत्तेचाळीस वेळा खोटं मरून दाखवलेला माणूस आहे, खोटा अभिनय त्याला लगेच ओळखू येईल. पण आठवत नसलं तरी ये. रीळ पेटीत राहिलं होतं, दिग्दर्शकानं कापलं असं नक्की नाही, एवढं तरी त्यांना ऐकू दे.

ता. क. ३ : हे पत्र परवा लिहून झालं होतं, पण टाकवलं नाही. बसचं मी वर जे लिहिलं ते त्या रविवारला लागू नाही. त्या दिवशी तुला बस गाठायची नव्हती. आपल्याला डोंबिवलीला चार वाजता मुलगी बघायला जायचं होतं. मी नवीन सदरा घालून पंख्याखाली बसलो होतो. डॉक्टरनं मान हलवली तसा मी जिना चढून तुझ्या केबिनमध्ये आलो आणि म्हणालो, "दादा, म्हातारा मेला, आता उरलंय काय? चल." तू म्हणालास, "अरे, एक रीळ आहे." मी म्हणालो, "सोड रे." तू सोडलंस. माझ्यासाठी सोडलंस. पन्नास वर्षं तू ते कुणाला सांगितलं नाहीस आणि मी वर चार पानं तुलाच झोडलं आहे. तेव्हा रविवारी तू फक्त काय पाहिलंस ते सांग. बाकीचं मी सांगेन.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर सगळं सगुणेला वाचून दाखवलं. तिनं पानं गोळा करून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही दोघं पाऊण तास आधी येऊन बसलात. माझे पोहे भिजायचे होते अजून."