मोठं झालेलं हृदय

प्रिय धाकट्या,

मागच्या आठवड्यात चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि चष्म्याचं सोडून भलतंच विचारलं, "बीपी कधी तपासलंत?" म्हटलं, मला काय धाड भरलीय! पण डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्या चिंचोळ्या झाल्या होत्या म्हणे. बीपी मोजलं आणि बाईंनी मला घरी न सोडता थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं. घाबरू नकोस. गोळी सुरू झालीय, मीठ कमी केलंय, संध्याकाळी चालायला जाते. तुझ्या लहानपणच्या शाळेवरून वळसा घालते. तिथे पाय आपोआप रेंगाळतात.

त्या डॉक्टरांनी मला माझं हृदय पडद्यावर दाखवलं. भिंत जाड झालीय. म्हणाले, "वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलून ते असं जाड होतं, मग मोठं होतं. दुखत मात्र काहीच नाही." मोठं हा शब्द कानावर पडला आणि बाबा गेले त्या दिवशी त्यांना नेलं होतं तो दवाखाना डोळ्यांपुढे उभा राहिला. तिथेही हेच सांगितलं होतं, हृदय मोठं झालं होतं. आत्या रडत म्हणाली, "होताच मोठ्या मनाचा!" पुढे कुणी काही विचारलंच नाही.

मी या डॉक्टरांना सगळं सांगितलं. बाबांच्या सिगारेटी, जेवताना वरून घेतलेलं मीठ, गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून डोकं धरून बसणं. आणि शेवटच्या सकाळचं तुझं नि त्यांचं भांडणही. वस्तरा हातात धरणार नाही म्हणून तू तावातावानं निघून गेलास आणि दुपारी ते दुकानातच कोसळले. तेव्हापासून तू या घरात मुक्कामाला राहिला नाहीस. फोनवर 'सगळं ठीक' म्हणतोस नि ठेवून देतोस. का, ते मला कधी विचारावं लागलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "एका सकाळच्या भांडणानं हृदय एवढं वाढत नाही हो. ते कितीतरी वर्षं आतल्या आत चाललं होतं."

धाकट्या, मी तिथेच ढसाढसा रडले. हे तुझ्या कानावर घालायचं म्हणून लिहायला बसले. शिवाय हे दुखणं घराण्यात चालतं, तेव्हा तुझंही बीपी बघायला हवं. मी यंत्र घरीच आणलंय. मोजण्याआधी थोडा वेळ स्वस्थ बसावं लागतं, एक शब्दही बोलायचा नसतो. ये ना. काही बोलू नकोस, नुसता माझ्यासमोर बस.

तुझीच, रस्त्याकडे डोळे लावून बसलेली,
ताई