दोन पोती सोड्याचं गणित

कुरुळी,
ता. ११ मार्च २०२५

प्रिय योगिनी,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे, जेवण वेळेवर आहे, आईला तेवढंच सांग. पत्र कॉलेजच्या पत्त्यावर टाकतोय, कारण फोनवर आई शेजारी असते आणि माझ्या तोंडून निघत नाही.

तिसरी कंपनीपण सुटली. चिडू नकोस. माझा पाय एका जागी टिकत नाही हे खरं, पण ह्या वेळी तसं नाही.

मागं मी तुला फोनवर गणित विचारलं होतं, शंभर किलो धुण्याचा सोडा ॲसिडमध्ये टाकला तर गॅस किती निघेल. किती खूश झालीस. तुला वाटलं, दादा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी करणार. माझ्यासारख्या आठवीवाल्याला तू न कंटाळता सांगितलंस, की वजनाला वजन लावायचं नाही, आधी मोल काढायचे. मोल म्हणजे डझनासारखं, पण कणांचं, लई मोठं माप. सोड्याचा मोल एकशे सहा ग्रॅमचा. एक मोल सोड्यामागं एक मोल गॅस, त्याला जागा बावीस पॉइंट चार लिटर. शंभर किलोचे नऊशे त्रेचाळीस मोल, म्हणजे एकवीस हजार लिटर गॅस. बरोबर आलं का, म्हणालीस. मी हो म्हणून फोन ठेवला.

ते पुस्तकातलं नव्हतं गं.

शेखर पिऊन टाकीत पडला, असं गावात सगळ्यांना कळलंय. तो पिलेला नव्हता. आमच्याकडं बोल्ट ॲसिडनं साफ करतात. वापरलेलं ॲसिड जमिनीखालच्या टाकीत जातं, तिथं कॉस्टिक टाकून ते मारायचं. त्या दिवशी कॉस्टिक संपलं. सुपरवायझर म्हणाला, त्याच्या जागी धुण्याचा सोडा टाका, किलोला किलो, पन्नासची दोन पोती. कॉस्टिकनं गॅस होत नाही, ह्यानं होतो, हे कुणाला ठाऊक. फेस वर आला, मग बसला. खालचा पंप आधीच अडकलेला, म्हणून शेखर शिडीनं उतरला. मी वरून म्हणालो, लवकर ये राव, चहा गार होतोय. त्यानं वर बघितलं, हसला, आणि हळूच खाली बसला. मला वाटलं मस्करी करतोय. नेहमीच करायचा.

दोर लावून काढला तेव्हा संपलं होतं.

तुझं गणित घेऊन मी सुपरवायझरकडं गेलो. कागद बघितलाच नाही. "कितवी शिकलास तू?" म्हणाला. आठवी म्हणालो तर बाकीचेपण हसले. पोलीस म्हणाले, रिपोर्ट येऊ दे. दुसऱ्या दिवशी मला गेटवरूनच परत पाठवलं.

शेखरच्या आईचं, अंबुबाईचं काय करू? तिचा नवरा दारूनंच गेला. पोराला तिनं शपथ घातली होती आणि तो पाळत होता, मी एका खोलीत राहिलोय त्याच्यासोबत. मौतीला तिच्या पाया पडलो तर म्हणाली, "बापाच्या वाटेनंच गेला ना रे?" मी तसाच उठलो आणि एसटी धरली. दहाव्याला ती उठलीच नाही म्हणे.

तू जा तिच्याकडं. मोल-बिल सांगू नकोस. गावात पाण्याचा टँकर येतो तो दहा हजार लिटरचा. तसले दोन भरून उरतील एवढा गॅस झाला, आणि आमची टाकी एका टँकरएवढी. हा गॅस हवेपेक्षा जड, खालीच बसतो; पोराला श्वासाला हवाच उरली नाही. मी सांगितलं तर वाटेल मित्रावर पांघरूण घालतोय. तुझं ऐकेल.

मग ती विचारेल, सोडा कुणी टाकला. शेखर तेव्हा पंपाचे पाने आणायला गेला होता. दोन्ही पोती मी एकट्यानं फोडून ओतली. ती विचारायची वाट बघू नकोस. आधी हे सांग, मग टँकरचं.

पुढं कुठं जाणार ते ठरलं नाही. शोधू नका.

गावाकडं तोंड दाखवायची हिंमत नसलेला,
तुझा दादा
सुरेंद्र