वन्संनी ठेवलेलं नाव

मार्गासनी, रविवार संध्याकाळ

आज माहेरी बाळाचं बारसं झालं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून वन्संनी त्याच्या कानात कुर्र केलं आणि मोठ्यानं सांगितलं, "निसर्ग!" बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले. मीही घातला, जरा जोरातच.

निसर्ग. त्या वादळाचंही हेच नाव होतं. घराचे पत्रे धरायला माझे अप्पा वर चढले आणि वाऱ्यानं त्यांना खाली आपटलं. तिथंच गेले. वन्संना आठवलं नसेल? पण आता बोलले तर आत्याचा मान मोडला म्हणतील. गप्प बसले तर जन्मभर त्याला हीच हाक मारायची.

सगळे गेल्यावर आई पत्र्यांकडं बघत म्हणाली, "म्या ह्याला नुसतं बाळ म्हणलं तर चालंल न्हवं?"

धपाटा आणखी जोरात घालायला हवा होता.