मागून आलेलं ‘मोकळं!’

१० मार्च, रविवार

मी पडले नाही. रेइयो पडला.

दोन कप कॉफी झाली तरी हात गारच आहेत. लिहून टाकते, नाहीतर डोक्यात तेच तेच फिरत राहील.

शर्यतीचं शेवटून दुसरं वळण. माझी घोडी उस्वा अशी काही दुडकत होती की चाकांचा आवाजसुद्धा येईना — बर्फावरून आम्ही दोघी नुसत्या तरंगत होतो. मी तिला बाहेरून पुढे काढलं. आतल्या कडेने आउलिसमामांचा तांबडा घोडा. त्याला मागे टाकलं, आता आत शिरायचं. आणि मागून मामांचा आवाज — "मोकळं!"

घेतलं आत. जागा नव्हती!

माझं चाक त्यांच्या घोड्याच्या पुढच्या पायाला लागलं. आमच्या शर्यतीत फक्त दुडकी चालते; ती सोडून तो चौखूर उधळला, आणि मागून येणारा रेइयो त्याच्यावर आदळून गाडीसकट उलटला. खांद्याजवळचं हाड मोडलंय. घोडे वाचले, ही देवाची कृपा.

मागे वळून बघायला हवं होतं. पण मीच काय, आमच्याकडे कुणीच बघत नाही. मागचा ‘मोकळं’ म्हणाला की आत घ्यायचं. मामांनी पहिल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं — "वळून बघितलंस, तर त्या माणसाला तोंडावर खोटारडा म्हटलंस." नियमांत हे कुठेही नाही.

पंचांनी मंगळवारी बोलावलंय.

११ मार्च

स्वप्नात वळण संपेचना. उस्वा दुडकतेय, उन्हात बर्फाची धूळ पिवळी झालीय, आणि वळण आपलं चालूच. भीती वाटत नव्हती उलट. बरं वाटत होतं. जाग आली तेव्हा रेइयो आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

मामांचं कोडं मात्र उलगडलं. काल शर्यतीनंतर तबेल्याच्या अंगणात मी त्यांना हात केला. दहा पावलांवर होते. माझ्यातून आरपार बघत निघून गेले! तेव्हा राग आला. आता कळतंय — दिसलेच नसेन मी. एकाहत्तर वर्षांचा माणूस, ऊन खाली आलेलं, थेट डोळ्यांत. माझं चाक किती लांब आहे हे त्यांना कळलंच नसणार. त्यांना वाटलं मोकळं आहे, म्हणून ओरडले.

हे पंचांना सांगितलं तर? माझी शिक्षा हलकी होईल आणि त्यांचा परवाना जाईल. मामी गेल्यापासून त्यांना दुसरं आहे काय? एक घोडा आणि ते जुनं शिरस्त्राण. परवाना काढून घेतला की उरतं टीव्ही आणि वाटाण्याचं सूप.

१२ मार्च

पडद्यावर शर्यतीची फिल्म दाखवली, हळू करून. आवाज नाही. किती सुंदर दिसत होतं ते! घोडे दुधात पोहतायत असं. उस्वाची मान वर, माझी पाठ सरळ, आणि मी अगदी सावकाश, प्रेमाने म्हणावं तशी, दुसऱ्याच्या अंगावर गाडी घालतेय.

मुख्य पंच तेर्त्तूबाई. पूर्वी स्वतः हाकायच्या, त्यामुळे त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत.

"आत का घेतलंत?"

"मोकळं आहे असं वाटलं."

"वाटलं, की बघितलं?"

"…वाटलं."

"मागून कुणी ओरडलं?"

मामा दाराशी बसले होते, गुडघ्यावर टोपी. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तेर्त्तूबाईंनी मग त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "मी माझा घोडा सांभाळत होतो, बाई."

मी म्हटलं, "नाही. कुणी ओरडलं नाही."

"मग गाडी कशाने हाकता हो, सिल्वी? स्वप्नाने?"

बाकीचे दोन पंच हसले. मलाही जरा हसू आलं, खरं सांगायचं तर. मग बाईंनी चष्मा काढला आणि हसणं थांबलं. निष्काळजीपणे हाकणं, एक माणूस जखमी. शर्यतींतून दोन आठवडे बंदी.

म्हणजे ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार गेला. त्या दिवशीची वसंतचषकाची शर्यत गेली! उस्वाला आईच्या पोटातून या हातांनी ओढून काढलंय मी. बाहेर धुकं होतं म्हणून उस्वा — धुकं — असं नाव पडलं. तेव्हापासून ती मी आणि मी ती. तिची पहिली मोठी शर्यत, आणि मी कुंपणाबाहेर.

बाहेर मामा पुटपुटले, "थोडक्यात सुटलीस," आणि वर न बघता निघाले. त्यांच्यासाठी खोटं बोलले हे त्यांना कळलं का? कळलं असावं. लाजले असतील बिचारे. मी मोटारीत बसून पोटभर रडले.

१३ मार्च

दिवसभर बर्फ. उस्वाला घेऊन नदीकाठाने नुसती चालत गेले. चालायला बंदी नाही!

१४ मार्च

कौकोचा फोन. घोडी त्याची, म्हणजे कागदावर.

"झावळ्यांच्या रविवारी उस्वाला कोण हाकणार हे ठरवायला हवं. तुझे मामा कसे वाटतात? तिला लहानपणापासून बघतायत. मी विचारलं, तर माझं वाक्य संपायच्या आत हो म्हणाले!"

तो पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ करतोय. शेवटी म्हटलं, "बघ तू. ठीक आहे."

काय ठीक आहे? ज्याला चाकाचं अंतर कळत नाही असा माणूस माझ्या घोडीमागे बसणार, बारा गाड्यांच्या गर्दीत! आणि बसवला कुणी? मी. मंगळवारी तोंड उघडलं असतं तर आज ही वेळ आली नसती. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर त्याला प्रेम म्हणतेय.

१६ मार्च

रेइयोला भेटायला गेले. वेलदोडा घातलेला गोड पाव नेला, त्याच्या बायकोला न विचारता अर्धा त्याने तिथेच संपवला. हसला की खांदा दुखतो, म्हणून मला हसवू नको म्हणतो आणि स्वतःच विनोद करतो. "पंचांनी तुला झोपेत गाडी हाकते म्हणून शिक्षा दिली म्हणे! मग माझ्या बायकोला जन्मठेप द्यायला हवी." आतून बायको ओरडली, "ऐकू येतंय हं मला!"

मग आवाज खाली करून म्हणाला, "मी ऐकलं ते. म्हातारा ओरडला होता."

मी पावाचे कण गोळा करायला लागले.

"का नाही सांगितलंस?"

"तू का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं? मी इथे पोत्यासारखा पडलोय." मग म्हणाला, "तुझे मामा आहेत, कळतं मला. पण सिल्वी, या वेळी माझं हाड गेलं. पुढच्या वेळी कुणाचं डोकं जाईल."

बरोबर बोलला. घरी येताना रस्ता कधी संपला कळलं नाही.

१७ मार्च

गेले मामांकडे. आज सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून गेले.

कोठारात साज तेल लावून पुसत बसले होते. उस्वाचा साज! तो कधी आणला कोण जाणे. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "मामा, डोळे दाखवलेत का कुणाला?"

हात थांबले.

"डोळे?"

"त्या दिवशी तुम्ही ओरडलात. जागा नव्हती. मी तुम्हाला दोष देत नाहीये — पण तुम्हाला दिसलं नाही ना?"

ते उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "हो… डोळेच. उन्हात अंतर कळत नाही हल्ली."

आवाज इतका बारीक होता! मी जाऊन त्यांना मागून मिठी मारली. लहानपणी ज्या कोटाच्या खिशात हात घालून मी तबेल्यात फिरायची, तोच कोट. आत माणूस केवढासा उरलाय.

"एवढी एकच शर्यत, पोरी," म्हणाले. "मग परवाना स्वतः नेऊन देतो तेर्त्तूला. आयुष्यात एकदा अशी घोडी हातात येते. माझ्या कधी आलीच नाही."

मी विरघळले. त्यांच्याकडून शब्द घेतला — गर्दीत शिरायचं नाही, बाहेरून मोकळं हाकायचं, हरलात तरी बेहत्तर. त्यांनी मान डोलावली. परत येताना वाटत होतं, मी फार चांगली आहे. दारात पोचेपर्यंत वाटायला लागलं, मी फार मूर्ख आहे.

१९ मार्च

तळ्यावर दाट धुकं. बर्फ अजून चांगला जाड आहे. मामांच्या हातात लगाम, मी शेजारी, सरावाच्या रुंद गाडीत. उस्वाच्या कानांपलीकडे काही दिसत नव्हतं. काठ नाही, आभाळ नाही. खाली टापांचा मऊ आवाज आणि पुढे तिचा वाफाळता श्वास. आज आम्ही तिघं सारखेच आंधळे, असं मनात आलं आणि एकदम हलकं वाटलं. असंच जात राहावं, कुठे पोचूच नये.

"डाव्या लगामाला ती हळवी आहे," मी म्हटलं. "नुसती करंगळी हलवा." शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. मी एवढी बोलत होते, पण एकदाही माझ्याकडे वळून पाहिलं नाही त्यांनी. डोळ्यांत पाणी आहे असं वाटलं मला. वाराही होता म्हणा.

२२ मार्च

झोप नाही.

२३ मार्च, शनिवार

तेर्त्तूबाईंच्या फाटकापर्यंत गेले. अंगणातला बर्फ ओढत होत्या.

"काय सिल्वी, बंदी संपायच्या आतच वशिला लावायला आलात की काय?"

"छे. सहज. फिरत फिरत."

"कॉफी घ्या मग."

"नको. घोडी वाट बघतेय."

घोडी काही वाट बघत नव्हती. माझी छाती झाली नाही. उद्या काही झालं तर ते माझ्या माथी. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे मला नंतर नाही म्हणता येणार नाही.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

सकाळी दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे शेजारच्या पोरी चेटकिणी बनून आल्या, गालावर काजळाचे ठिपके, हातात रंगीत पिसं बांधलेल्या वाळुंजाच्या काटक्या. माझ्या अंगावरून काटकी हलवून त्यांनी वर्षभराचं आरोग्य चिंतलं. मी म्हटलं, माझं राहू द्या, माझ्या मामांसाठी मागा. त्यांनी तेही केलं आणि चॉकलेट दुप्पट मागितलं!

दुपार. ऊन अगदी त्या दिवशीसारखं, खाली आणि पांढरं. मी कुंपणाला धरून उभी. बंदी असलेल्या बाईजवळ उभं राहायला कुणी उत्सुक नसतं, त्यामुळे जागा ऐसपैस.

सुटले. आणि मामा बाहेर गेलेच नाहीत! थेट आतल्या कडेला, गर्दीच्या पोटात. पुढे दोन गाड्या, शेजारी एक, मागे सगळे. मी ओरडत होते, "बाहेर! बाहेर या!" कोण ऐकतंय. शेवटच्या वळणावर बर्फाची धूळ उडाली आणि मला काही दिसेना. मनात म्हटलं, आता. आता आवाज येईल लाकडाचा.

धुळीतून उस्वा बाहेर आली.

पुढच्या दोन गाड्यांच्या मधून. दोन चाकांमध्ये तिची गाडी जेमतेम मावेल एवढी फट होती, दोन्हीकडे हातभर जागा नसेल. ती फट क्षणभरच उघडली होती. मामांनी करंगळी हलवली असेल नसेल, आणि सुईत दोरा जावा तशी ती गेली. कुणाला स्पर्श नाही. कुणाची दुडकी मोडली नाही. मग सरळ रस्ता, मान वर, एकटी, चमकत, जशी मी तिला माझ्या सगळ्या स्वप्नांत बघितली होती तशीच.

जिंकली! माझी उस्वा जिंकली!

अख्खं मैदान ओरडत होतं. कौकोने मला उचललंच. म्हातारे एकमेकांना सांगत होते, चाळीस वर्षांत असं हाकणं बघितलं नाही. तेर्त्तूबाई वरच्या खिडकीत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी रडत होते, हसत होते, ज्याला त्याला सांगत होते — घोडीने सांभाळून घेतलं त्यांना, घोडीने!

मामांना भेटायला गेले तर गराडा पडलेला. लांबूनच हात केला.

२५ मार्च

घोडीला मागच्या चाकांचा हिशेब कुठे कळतो? लगाम नेईल तिकडे ती जाते. पहाटे हे सुचलं आणि उठून बसले.

मामा तबेल्यातच होते, उस्वाचे पाय चोळत. मी विचारलं, "त्या दिवशी जागा नाही हे तुम्हाला दिसत होतं?"

ते पाय चोळत राहिले. मग म्हणाले, "दिसत होतं. तुला बंदी झाली तर कौको मलाच बोलावणार, हेही माहीत होतं. डोळ्यांचं मात्र तूच सुचवलंस, पोरी."