पाणबुडी कोणाची

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

नाक खाली! पुन्हा नाक खाली!

सकाळपासून अंगणातल्या हौदात पाइपाची हातभर पाणबुडी सोडून राहिले. पोटातल्या टाकीत पाणी घेतलं की तिनं आडवं, सपाट खाली जावं — एवढंच तर पाहिजे! पण ही तोंडावर पडते. मागे शिशाची गोळी बांधली तर शेपूट खाली. अर्धी गोळी बांधली तर डाव्या अंगावर कलते. वाकून वाकून कंबर गेली.

आणि हौदातलं सारं अर्धवटच. खरी चालवायची तर रिमोट पाहिजे, आणि रिमोट आहे पांढुर्ण्याला. विनायककडे.

घटस्फोट ठरला, घर वेगळं केलं तेव्हा भांडी, कपाटं, गाडी, सगळ्यावर एका दुपारी वकिलासमोर सहमती झाली. पाणबुडीवरच अडलं. मी म्हटलं, कल्पना माझी, शाळेतल्या पोरांना तरंगणं-बुडणं डोळ्यांनी दिसावं म्हणून मीच सुरू केली, पाइप मी कापला. तो म्हणे, वायरिंग माझं, मोटर माझी, रिमोट माझा.

"रिमोट देणार नाही."

"मग मीही पाणबुडी देणार नाही."

पंचवीस वर्षांच्या संसाराचे दोन जाणते लोक! शेवटी वकिलानं कागदात पाणबुडीचं नावच घातलं नाही.

आता ठरलं असं — माझ्या वर्गातली पूनम, तिच्या वडिलांच्या संत्र्याच्या बागेत बोरगावला शेततळं आहे. रविवारी मी सौंसरहून जायचं, त्यानं पांढुर्ण्याहून यायचं. ती नीट चालू लागेपर्यंत. मग कोणाची ते पाहू.

१७ नोव्हेंबर

पूनमचे वडील, गुणवंताभाऊ, बांधावर बसून संत्री सोलत होते. "मॅडम, बुडायची वस्तू बुडवायले एवढे कष्ट कायले? दगड टाका ना बाप्पा!"

विनायक हसला. मला नाही आलं हसू.

मी चहा घ्यायला वळले तेवढ्यात यानं मागचं झाकण उघडलं, शिसं पुढं सरकवलं, झाकण लावलं. झाकणाच्या रबरी कडीला ग्रीस लावलंच नाही! दोन चकरा नीट गेली आणि मग सरळ तळाला. दोरीनं ओढून वर काढली तर आत पेलाभर पाणी.

"मले वाटलं तू ग्रीस लावून आणली असशील."

मी लावूनच आणली होती. झाकण तुम्ही उघडलं!

१८ नोव्हेंबर

पाणबुडीतला रिमोटचा रिसिव्हर भिजला, सुकायला तांदळाच्या डब्यात पुरला आहे. आज पोळ्याच.

२४ नोव्हेंबर

रिसिव्हर वाचला. डोकं नाही वाचलं.

पुन्हा तेच. मी पाण्याची रेघ पाहून एक गोळी मोठ्या मेहनतीनं बसवली, यानं मला न विचारता काढली. विचारलं तर म्हणतो, "अगं, तुझाच त्रास वाचवला."

माझा त्रास वाचवला! हे वाक्य ऐकलं आणि बांधावरच अंग तापलं. हेच वाक्य. दोन वर्षांपूर्वी छिंदवाड्याहून फोन आला होता. तिथल्या शाळेची प्राचार्य म्हणून माझं नाव निघालं होतं. मी आंघोळीला गेले होते. फोन यानं उचलला आणि सांगून टाकलं, "तिले नाही जमणार जी, घर आहे, माझी ड्युटी आहे." मला पत्ता नाही. महिन्यानं त्या जागी लागलेल्या दुसऱ्या बाईंच्या सत्काराला गेले, तिथे खात्याचे साहेब म्हणाले, तुम्हीच तर नाही म्हटलं मॅडम! मी हातात हार घेऊन उभी.

घरी येऊन विचारलं. तर म्हणे, "तुझाच त्रास वाचवला."

दारू नाही, मारहाण नाही, दुसरी बाई नाही. लोक विचारतात, मग झालं काय? काय सांगू? मला कोणी विचारतच नाही, हे झालं.

१ डिसेंबर

आज आला तर बोललेच नाही. पाणबुडीही नीट चालली नाही. दोघींचा राग एकच.

८ डिसेंबर

हिला भूत लागलंय. सकाळी नाक वर, दुपारी नाक खाली. शिसं तेच, जागा तीच, पाणी तेच! विनायक म्हणतो रिमोट ठीक आहे. तो बरोबरच म्हणतो — आजकालच्या रिमोटच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत, म्हणून यानं नागपूरला कुठून कुठून फिरून जुन्या तऱ्हेचा शोधून आणला. तेवढं काम यानं नीट केलं. बाकी!

संध्याकाळी सायलीचा पुण्याहून फोन. सगळं ऐकून पोरगी म्हणते, "आई, तुम्ही दोघं घटस्फोट घेऊन राहिले की सहलीला जाऊन राहिले?"

फोन ठेवून दिला मी.

१४ डिसेंबर

सापडलं!!

हौदात तिला उलटी धरली आणि पाठीवरच्या पट्टीखालून गुडगुड करत हवा बाहेर आली. बाहेरच्या खोळीत पाणी शिरतं, पण वरच्या पट्टीखाली हवेचा एक बुडबुडा अडकून राहतो. नाक जरा वर झालं की बुडबुडा पुढं पळतो आणि नाक आणखी उचलतो. शेपूट वर झाली की तिकडं! आम्ही महिनाभर शिसं हलवून राहिलो आणि भांडून राहिलो, तेही एका बुडबुड्याशी!

पट्टीला वरून बारीक भोकं पाडली. हवा जायला वाट. आता काय ते उद्या.

१५ डिसेंबर

लिहिते. जसं झालं तसं.

सकाळी त्याला बुडबुड्याचं सांगितलं. "एवढ्याशा हवेनं काय होते?" म्हणाला. मी म्हटलं, पाहा. सोडली. पाण्याच्या वर सरळ गेली, मग डुबकी घेतली, बरीच सरळ. मग ती तळ्याच्या त्या कोपऱ्यात गेली, जिथे तळाला अंथरलेल्या प्लास्टिकची घडी वर आली आहे, आणि अडकली. पंखा फिरत होता, पाणी ढवळत होतं, पाणबुडी हलेना.

मी म्हटलं, थांबा, गुणवंताभाऊंना बांबू आणू द्या.

थांबेल तो विनायक कसला! रिमोट ठेवला, चप्पल काढली, बसल्या-बसल्या प्लास्टिकवरून उतरायला लागला. ते प्लास्टिक म्हणजे शेवाळानं तेल लावल्यासारखं. एक पाय गेला, दुसरा गेला, आणि हा सरळ पाण्यात. गळ्यापर्यंत. मग डोक्यापर्यंत.

त्याला पोहता येतं थोडं. पण काठ धरायला काही नाहीच! हात टाकतो, हात सरकतो. वर येतो, खाली जातो. तोंडात पाणी. एकदा माझ्याकडे पाहिलं. ओरडलाही नाही.

मी ओरडले. गुणवंताभाऊ बागेच्या दुसऱ्या टोकाला. मोटरचा काळा पाइप काठावर पडला होता. तो ओढला, एक टोक पंपाच्या खांबाला अडकवलं, दुसरं फेकलं. पहिल्यांदा त्याच्या हाती नाही लागलं. पुन्हा ओढून फेकलं. मी बांधावर पालथी पडले, पाइप धरून. "धरा! सोडू नका! मूर्खासारखे सोडू नका!" — हेच ओरडत होते म्हणे मी. मला आठवत नाही, गुणवंताभाऊंनी नंतर सांगितलं. ते धावत आले आणि दोघांनी मिळून त्याला ओढून काढलं.

वर येऊन पडला. खोकला, पाणी ओकला. गुणवंताभाऊंनी आपला सदरा घातला त्याला. आणि माझा नवरा — नवरा कसला आता — पहिलं वाक्य काय बोलला?

"तिच्या सुकाणूचा स्क्रू ढिला आहे. मी सांगतलं होतं."

त्याच्या अंगावर चप्पल फेकावी वाटली. त्याचीच होती, पायाशी पडलेली. फेकली नाही. त्याच्या पायात घातली. त्याचे पाय इतके थंड होते.

१६ डिसेंबर

फळ्यावर आकृती काढताना रेघ सरळ येईना. पोरींना वाटलं, मॅडमला बरं नाही.

२२ डिसेंबर

आला नाही. ताप आहे, असा त्याच्या भावाचा निरोप. मला कळवायचं त्याला सुचलं नाही — नेहमीप्रमाणे! मी उगाच बोरगावपर्यंत गेले. गुणवंताभाऊंनी बांबूनं पाणबुडी केव्हाच काढून ठेवली होती. तळ्याला आता चारही बाजूंनी जाड दोर बांधून पाण्यात सोडलेत त्यांनी. "तुमच्यानं अक्कल आली मॅडम," म्हणाले.

काठावर बसून आले. संत्री दिली, ती आंबट निघाली.

५ जानेवारी २०२५, रविवार

बारीक झालाय. मफलर गुंडाळून आला. बोलला कमी.

सुकाणूचा स्क्रू खरंच ढिला होता. कसला मी. सांगितलं नाही त्याला.

पाण्यात सोडली. बुडबुडा गेला, पण शेपूट आता थोडी खाली. मी पाहत होते, तोही पाहत होता. त्याला कळलं होतं, नाकात गोळी पाहिजे. मला कळलं होतं की त्याला कळलं. आता हा झाकण उघडणार म्हणून मी दात आवळून बसले.

त्यानं गोळी हातात घेतली. आणि थांबला.

"जयश्री... नाकात टाकू का?"

पंचवीस वर्षांत मला पहिल्यांदा विचारलं, आणि तेही शिशाच्या गोळीसाठी!

"टाका," म्हटलं. "बोटभर पुढं."

त्यानं बोटभर पुढं टाकली. कडीला ग्रीस लावलं, मला दाखवलं, मग झाकण बंद केलं.

आणि ती गेली! टाकीत पाणी घेतलं आणि सपाट, शांत, जशी कोणी हातानं धरून खाली नेली. हिरव्या पाण्यात काळी सावली. तळ्याच्या मधून गेली, वळली, परत आली, आमच्या समोर हळूच वर आली. पाठ ओली, नाक सरळ.

गुणवंताभाऊ टाळ्या वाजवत होते. "अरे वा! बुडायले शिकली!"

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहिलं नाही. पुन्हा एकदा चालवली. मग पुन्हा.

९ जानेवारी

कोर्ट झालं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "साथ रहने की कोई गुंजाइश?" विनायक माझ्याकडे पाहत होता — मी आधी बोलावं म्हणून. आता विचारून राहिला सगळं! मी म्हटलं, "नहीं." तोही म्हणाला, "नहीं."

सह्या झाल्या.

बाहेर फाटकापाशी त्यानं थैलीतून रिमोट काढला, माझ्या हातात दिला. "ठेव. कल्पना तुझीच होती. चालून राहिली आता, माझं काय काम."

आता सुचलं द्यायचं! इतके महिने भांडले तेव्हा नाही! चिडून काही बोलणार होते, तर तो ऑटोत बसूनही गेला.

सगळं माझ्याकडे आहे. पाणबुडी, रिमोट, मोटर. पाहिजे होतं तसंच.

११ जानेवारी, शनिवार

हौदात सोडली. एकदम सपाट. काही म्हणता काही दोष नाही.

मग बाहेर काढली, झाकण उघडलं, नाकातलं शिसं काढून ओट्यावर ठेवलं, आणि पांढुर्ण्याला फोन लावला — शेपूट खाली जाऊन राहिली, उद्या बोरगावला येता का?