चाळीस अक्षरांची ओळख

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात).

शाळेत लहान-मोठ्या वर्गांचा शिवणाचा तास एकत्र असायचा. सिस्टर पाठमोऱ्या झाल्या की आपण एकाच अभ्र्याला दोन बाजूंनी टाके घालायचो, आणि हसू दाबताना तुला उचकी लागायची. आज उशी बदलताना आठवलं आणि डोळे भरून आले. तुझी कंबर कशी आहे? भाऊजी गोळ्या घेतात, की अजून कुंडीत टाकतात? आम्ही बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे. यांची नजर फार अधू झालीय.

संगणकाच्या पोटातला कर्नेल, म्हणजे सगळं यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, जगभरची माणसं आपापल्या घरी बसून, सगळ्यांच्या देखत लिहितात, हे तुला यांनी दर भेटीत सांगितलंच आहे. त्यातला जुन्या प्रिंटरांचा कोपरा बावीस वर्षं यांच्याकडे आहे. कोणी दुरुस्ती पाठवली की हे तपासणार, पटली तरच ती पुढे जाणार. आता दिसत नाही म्हणून हा कोपरा एका मदतनिसाला सोपवायचा म्हणतात. तो दोन वर्षं दुरुस्त्या पाठवतोय. पण यांनी त्याला कधी पाहिलेलं नाही. मला तो पहिल्यापासून खटकतो. त्या मंडळींत सालटी काढल्याशिवाय कोणी बोलत नाही (एकाने यांच्या कामाला कचरा म्हटलं तेव्हा हे दिवसभर खूश होते, त्याने निदान वाचलं म्हणून). हा मात्र पत्रागणिक आभार मानतो! इतकं गोड कशासाठी? उद्या त्याने काही भलतंच घुसडलं तर ते जगभरच्या यंत्रांत जाईल, आणि विश्वास ठेवला कोणी, तर यांनी.

म्हणून मंगळवारी हे दवाखान्यात गेल्यावर मीच यांच्या खात्यातून त्याच्या ईमेलला उत्तर धाडून विचारलं: खरं नाव काय, वडील काय करतात, दाढी रोज करता का. ताई, ते त्याच्या एकट्याकडे गेलं नाही गं, त्यांच्या सगळ्या मंडळींना गेलं. चार हजार माणसांनी वाचलं, आणि तिथलं पुसताही येत नाही. बोलणी खाल्ली, पण कशाबद्दल? उत्तर मूळ मजकुराच्या खाली लिहायचं असतं, मी वर लिहिलं म्हणून! नऊ जणांनी झापलं. चौकशीबद्दल चकार शब्द नाही. आणि त्याने एकेका प्रश्नाखाली नीट लिहिलं: वडील शिंपी, दाढी एक दिवसाआड, आभारी आहे. आता तर संशय बळावलाच.

"नाक कापलंस माझं," हे म्हणाले. मग जरा वेळाने, "वडील शिंपी आहेत होय?"

तुझी,
धाकटी

ता. क. तो तुझ्या घरापासून तिसऱ्या बसथांब्यावर राहतो. काम सोपवण्याआधी कोणीतरी समोरासमोर बसून ओळखपत्र बघायचं, अशी त्या कर्नेलवाल्यांची रीत आहे. यांना प्रवास झेपत नाही. तू जा. सोबतच्या कागदावर, तो दुरुस्त्यांवर जी संगणकी सही करतो तिची खूण आहे, अक्षरं-आकडे मिळून चाळीस. त्याला त्याच्याकडची वाचायला लाव, तू जुळव. एक जरी चुकलं तरी ऊठ.

ता. क. २. पार्सलात यांची बावीस वर्षांच्या टिपणांची वही आहे. खरा निघाला तर त्याला दे आणि यांना फोन कर. खोटा निघाला तर तुझ्याजवळ ठेव आणि फोन मला कर. यांना मी हळूहळू सांगेन. विणलेला मफलर मात्र कसाही निघाला तरी त्यालाच दे. परवा यांच्याशी फोनवर बोलताना सारखा खोकत होता.