अप्पा फिरायला का जात नाहीत

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे तुझा? काकांचा खोकला गेला का, की अजूनही तुझा डोळा लागला की मगच त्यांना उबळ येते? आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. (तू निवृत्त मुख्याध्यापिका, लाल पेन हातात घेऊनच वाचत असशील. ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघ, आधी मजकूर वाच.) फोन सोडून हा पत्रं कुठे लिहायला लागला, असं तुला वाटलं असेल. त्याचं असं आहे की मी मोबाइल घेऊन गॅलरीत गेलो की अप्पा लगेच कुंड्यांना पाणी घालायला येतात. एरवी दारावरची घंटा ऐकू येत नाही त्यांना, पण त्यांच्याबद्दल स्वयंपाकघरात कुणी कुजबुजलं तरी बाहेरच्या खोलीतून 'काय म्हणालात?' येतं.

तर विषय अप्पांचाच. त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा तू धावत आली होतीस, त्यामुळे पुढचं तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, गोळ्या आपलं काम करतील, पण रोज सकाळी तळ्यापर्यंत चालायला हवं, नाहीतर पुन्हा इथेच भेटू. गोळ्या अप्पा न चुकता घेतात. चालण्याच्या नावाने मात्र शून्य. नवे बूट आणले, ते घालून आरशात पाहिले, 'झकास आहेत' म्हणाले आणि परत खोक्यात ठेवले. जा की, म्हटलं तर म्हणाले, "तू येतोस? मग येतो." आता सकाळी मला ऑफिसची किती घाई असते हे त्यांना दिसत नाही का? पण हट्ट तो हट्ट, त्यांचा लहानपणापासूनचा अनुभव तुला जास्त. आत्या, हसू नकोस, मला फार भीती वाटते. सकाळी त्यांच्या खोलीचं दार उघडायला जरा उशीर झाला तरी मी दाराला कान लावून उभा राहतो.

अशात ऑफिसने मला प्रशिक्षणाला पाठवलं. विमा कंपनीत मी आरोग्य-जागृती विभागात आहे म्हणजे नेमकं काय करतो, असं तू दर भेटीत विचारतेस. सांगतो. 'जिना वापरा, निरोगी राहा' अशी भित्तिपत्रकं मी प्रत्येक मजल्यावर लावतो. (मजल्यामजल्यावर लिफ्टने जातो, कारण हातात डिंकाची बरणी असते.) प्रशिक्षणात समजलं की माणूस हट्टी नसतोच मुळी, तो बदलाच्या शिडीवर कुठल्यातरी पायरीवर उभा असतो, आपण फक्त पायरी ओळखून त्याला हळूच वर ढकलायचं. आणखी एक गोष्ट प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी शिकवली. दुसऱ्याचं चुकलं की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो आणि आपलं चुकलं की परिस्थितीला. हे ऐकून हॉलमधले सगळे खो खो हसले. प्रत्येकाला आपापला साहेब आठवला. मीही पोट धरून हसलो. घरी येऊन हिला सगळं समजावलं, तर ही म्हणाली, "ऑफिसातलं ऑफिसात ठेवा." पण ज्ञान झालेला माणूस ऐकतो होय?

पहिलं शास्त्र भीतीचं. धोका डोळ्यांनी दिसला की माणूस सुधारतो म्हणे. मी ऑफिसातून प्लास्टिकचं हृदय आणलं, उघडझाप होणारं, आत तुंबलेली नळी पिवळ्या रंगात दाखवलेली, आणि जेवणाच्या टेबलावर मांडलं. अप्पांनी चष्मा लावून ते बराच वेळ निरखलं. मग म्हणाले, "एवढी नाजूक वस्तू आहे होय ही! हिला धक्का नको लागायला." तेव्हापासून खुर्चीतून उठतानासुद्धा ते छातीवर हात ठेवून उठायला लागले. हिने दोन जेवणं ते हृदय सहन केलं, तिसऱ्याला त्यावर फडकं टाकलं.

मग दुसरं शास्त्र, संगतीचं. चार बरोबरीची माणसं जे करतात तेच माणूस करतो. आपल्याच इमारतीतले निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांचे मित्र, ज्यांना नावाने नव्हे तर दातांमुळे सगळे 'कवळीवाले' म्हणून ओळखतात, असे दोघे रोज नेमाने तळ्यावर जातात. मी त्यांच्या हातापाया पडलो, जाता जाता अप्पांना हाक मारा म्हटलं. आले बिचारे. अप्पांनी त्यांना बसवलं, हिला चहा टाकायला सांगितला, बिस्किटांचा डबा काढला. दुसऱ्या दिवशीही आले. आता ते दोघेही तळ्यावर जात नाहीत. शास्त्र तंतोतंत खरं ठरलं गं, संगतीचा परिणाम झालाच, फक्त कुणाचा कुणावर होईल हे मी विचारायला विसरलो. पोस्टमास्तरांच्या बायकोने परवा जिन्यात मला असं काही पाहिलं की मी मान खाली घालून सटकलो.

तिसरं शास्त्र सवयीचं, आणि हे चांगलंच अंगाशी आलं. जुन्या सवयीच्या शेपटाला नवी सवय बांधायची. अप्पांना उठल्याबरोबर पेपर लागतो, म्हणून मी पेपरवाल्याला सांगितलं, वर टाकू नकोस, कोपऱ्यावरच्या दुकानात ठेव. अप्पा आपसूक चार जिने उतरून तिथवर जातील, असा हिशोब. अप्पा दारात उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि हाक मारली, "अरे, पेपर आला नाही, बघ बरं जरा." मी गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आमची लिफ्ट बंद आहे हे सांगायचं राहिलं. आता हाक मारायचीही गरज पडत नाही, मी उठतो, चपला घालतो आणि निघतो. सवय लागली म्हणतात ती ही. प्रत्येक वेळी मी पेपर त्यांच्या हातात देतो, ते माझ्याकडे नीट पाहतात आणि पुन्हा तेच, "उद्या तू चल, मी येतो." प्रशिक्षणात याला 'अट घालून टाळणे' म्हणतात. मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "म्हणत असतील बाबा."

मी हात टेकले. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो, पुढचा पाषाण तू म्हण. पण अप्पा जगात एकाच माणसाला घाबरतात आणि ती तू आहेस. महिनाभर ये. त्यांचा कान धर आणि तळ्यावर ने. काकांना उसंत मिळेल आणि त्यांचा खोकलाही बरा होईल. लवकर कळव.

तुझ्या हुकमाची वाट पाहणारा
तुझा भाचा

ता. क. वर 'ऑफिसची घाई' लिहिलंय ते खरं नाही. ऑफिस उशिरा भरतं, हे तुला माहीत आहे, तू लाल खूण केलीच असशील. खरं असं की हल्ली मला जिना चढवत नाही. दर मजल्याला थांबावं लागतं, छाती भरून येते, एकदा तर पायरीवर बसलो. हिला सांगितलं नाही. अप्पांबरोबर चालायला गेलो तर ते पुढे जातील आणि मी मागे राहीन, आणि मग त्यांना कळेल. 'दुखणं अंगावर काढू नका' हे भित्तिपत्रक मीच लिहिलंय. तेव्हा तू अप्पांसाठी म्हणून ये आणि गुपचूप मला त्या डॉक्टरांकडे घेऊन चल. एकट्याने जायचं धाडस होत नाही. अप्पांना यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलेलं पुन्हा फोडलंय. अप्पांनी विचारलं, पत्र कुणाला? आत्याला, म्हटलं, तुम्ही फिरायला जात नाही ते कळवतोय. त्यांनी पेपर हातात घेतला. मग म्हणाले, "तिला लिही, माझी काळजी करू नको म्हणावं. मला डॉक्टरने तपासलंय. रोज जिन्यात धापा टाकतो तो हा, ह्याला कुणी तपासलंय? हा घराबाहेर पडेपर्यंत मी पाऊल उचलायचा नाही." एवढं बोलून पेपर वाचायला लागले. आत्या, पेपर उलटा धरला होता त्यांनी.